विजेत्या प्रशिक्षकाला निरोप : एक विचार

जिंकणाऱ्या संघाने आपला प्रशिक्षक बदलावा काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. हरणाऱ्या संघाने प्रशिक्षक बदलला तर त्यात कोणाला नवल वाटत नाही. परंतु ज्याने विजेतेपद मिळवून दिले त्यालाच घरी पाठवायचे, म्हणजे ‘गरज सरो, वैद्य मरो’ असाच प्रकार झाला, असे कोणीही म्हणेल. तथापि फुटबॉलच्या इतिहासात ही गोष्ट इतक्या वेळा घडलेली आहे की, तिला केवळ कृतघ्नपणा म्हणून बाजूला सारता येत नाही. ती का घडते, घडल्यावर संघाचे काय होते, आणि ती घडावी की नाही, या तीन प्रश्नांचा विचार मी या लेखात करणार आहे.

जगभरची उदाहरणे गोळा करून यादी लांबवीत बसण्यापेक्षा एकाच संस्थेचा इतिहास जवळून पाहणे मला अधिक उपयुक्त वाटले. स्पेनमधील रेआल माद्रिद हा क्लब या दृष्टीने जणू प्रयोगशाळाच आहे. १९९८ मध्ये युप हाइंकेस, २००३ मध्ये विसेंते देल बोस्के, २००७ मध्ये फॅबियो कॅपेलो, २००८ मध्ये बेर्न्ड शुस्टर आणि २०१५ मध्ये कार्लो अँचेलॉटी अशा पाच प्रशिक्षकांना या क्लबने मोठे विजेतेपद मिळाल्यानंतर लगेच, किंवा साधारण वर्षभरात निरोप दिला. याच क्लबने पूर्वी एका प्रशिक्षकाला सुमारे चौदा वर्षे सांभाळलेही होते. घर एकच, प्रेक्षक तेच, आणि वागणूक मात्र दोन तऱ्हांची. त्यामुळे तुलना करणे सोपे जाते.

प्रशिक्षकाचे काम आणि त्याची अडचण

आपल्याला क्रिकेटची सवय असल्यामुळे फुटबॉलमधील प्रशिक्षकाचे स्थान चटकन लक्षात येत नाही. क्रिकेटमध्ये गोलंदाजी कोणाला द्यायची, क्षेत्ररचना कशी ठेवायची, हे मैदानावरचा कर्णधार ठरवतो. फुटबॉलमध्येही कर्णधार असतो. परंतु अकरा जण कोण, ते कोणत्या रचनेत उभे राहणार, कोणाला बाहेर काढून कोणाला आत पाठवायचे, हे निर्णय सीमारेषेबाहेर उभा असलेला प्रशिक्षक घेतो. आठवडाभराचा सराव त्याच्या मताप्रमाणे चालतो. सामना सुरू झाला की मात्र नव्वद मिनिटे त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. साहजिकच विजयाचे हार गोल करणाऱ्याच्या गळ्यात पडतात आणि पराजयाचा हिशेब प्रशिक्षकाकडे मागितला जातो.

यात आणखी एक व्यावहारिक बाजू आहे. संघ बिघडला म्हणून पंचवीस खेळाडू बदलता येत नाहीत. त्यांचे करार असतात, त्यांच्यासाठी मोजलेला पैसा असतो, आणि युरोपात खेळाडूंची खरेदी-विक्री वर्षातील ठरावीक दोन काळांतच करता येते. प्रशिक्षक मात्र कोणत्याही दिवशी बदलता येतो. ‘आम्ही काहीतरी करीत आहोत’ हे लोकांना दाखविण्याचा तो सर्वांत जवळचा मार्ग आहे.

रेआल माद्रिदच्या बाबतीत ही गरज अधिक तीव्र असते, याचे कारण त्या क्लबच्या घटनेत आहे. हा क्लब कोणा एका धनिकाच्या मालकीचा नाही. तो सभासदांचा आहे आणि सभासद मतदान करून अध्यक्ष निवडतात. आपल्याकडील सहकारी साखर कारखान्याची निवडणूक ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे वातावरण परके वाटणार नाही. २००० साली फ्लोरेंतिनो पेरेझ यांनी निवडणूक लढविली ती बार्सिलोना या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबमधून लुईस फिगो या खेळाडूला आणून दाखवितो, असे आश्वासन देऊन. ते निवडून आले आणि फिगोही आला. अशा व्यवस्थेत अध्यक्षाला दरवर्षी काहीतरी नवे दाखवावे लागते. जो प्रशिक्षक गाजावाजा न करता जिंकतो, तो संघाच्या उपयोगाचा असला तरी अध्यक्षाच्या जाहीरनाम्यात त्याला जागा नसते.

मुन्योस यांचा काळ

आता जुन्या काळाकडे वळू. १९५६ ते १९६० या पाच वर्षांत रेआल माद्रिदने युरोपियन कप (ज्याला आज चॅम्पियन्स लीग म्हणतात) सलग पाच वेळा जिंकला. या पाच विजयांच्या वेळी प्रशिक्षक मात्र तीन होते : पहिल्या दोन वेळा व्हियालोंगा, पुढच्या दोन वेळा कार्निग्लिया आणि पाचव्या वेळी मिगेल मुन्योस. म्हणजे संघात दि स्तेफानो, खेंतो आणि पुढे पुश्काश यांच्यासारखे खेळाडू असताना प्रशिक्षक बदलला तरी विजयात खंड पडला नाही. ‘प्रशिक्षक म्हणजेच सर्व काही’ असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

परंतु कथा येथे संपत नाही. मुन्योस १९६० पासून १९७४ च्या आरंभापर्यंत त्या जागी राहिले. या काळात संघाने स्पॅनिश लीग नऊ वेळा आणि युरोपियन कप दोनदा जिंकला. मुन्योस स्वतः १९५६ आणि १९५७ च्या विजेत्या संघात खेळलेले होते. खेळाडू आणि प्रशिक्षक या दोन्ही नात्यांनी हा चषक जिंकणारे ते पहिलेच. त्यांच्या कारकिर्दीतील कसोटीचा प्रसंग आला १९६४ मध्ये. विएन्ना येथील अंतिम सामन्यात इंटर मिलानने त्यांच्या संघाला ३-१ असे हरविले. त्यानंतर मुन्योस आणि दि स्तेफानो यांच्यात बेबनाव झाला. दि स्तेफानो म्हणजे पहिल्या पाचही अंतिम सामन्यांत गोल करणारा, क्लबचा सर्वांत मोठा खेळाडू. पण त्या वेळी तो वयाच्या अडतिसाव्या वर्षात होता. अध्यक्ष सांतियागो बेर्नाबेउ यांच्यापुढे प्रश्न होता : कोणाला ठेवायचे? त्यांनी प्रशिक्षकाला ठेवले. दि स्तेफानो बार्सिलोना शहरातील एस्पान्योल क्लबकडे गेला.

दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, ब्रुसेल्स येथे रेआल माद्रिदने पार्टिझान बेलग्रेडला २-१ असे हरवून सहाव्यांदा युरोपियन कप जिंकला. त्या दिवशीचे अकराही खेळाडू स्पॅनिश होते. १९६० च्या अंतिम सामन्यातील अकरांपैकी पाचीन आणि खेंतो असे दोघेच त्यात उरले होते. प्रशिक्षक तोच राहिला आणि त्याच्या हाताखाली संघ नवा झाला, हा यातील महत्त्वाचा भाग. यशानंतर येणारी मरगळ घालविण्यासाठी प्रशिक्षकच बदलावा लागतो असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते. अर्थात शेवटच्या काही वर्षांत मुन्योस यांच्या संघाचे पूर्वीचे तेज राहिले नाही आणि १९६६ नंतर हा चषक पुन्हा माद्रिदला येण्यास ३२ वर्षे लागली, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे.

२००३ : विजयाचा दुसरा दिवस

ती ३२ वर्षांची प्रतीक्षा संपविली युप हाइंकेस यांनी. २० मे १९९८ रोजी ॲमस्टरडॅम येथे त्यांच्या संघाने युव्हेंटसला १-० असे हरविले. परंतु त्याच हंगामात लीगमध्ये संघ चौथा आला होता आणि हाइंकेस यांना त्या उन्हाळ्यातच जावे लागले. येथे क्लबची बाजू अगदीच लंगडी नव्हती. बाद पद्धतीच्या स्पर्धेत थोड्या सामन्यांचा खेळ असतो; लीगमध्ये ३८ सामने असतात आणि संघाचे खरे आरोग्य तेथे कळते. हा निर्णय कठोर होता. निराधार होता असे मी म्हणणार नाही.

देल बोस्के यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. सलामांका येथे जन्मलेला हा माणूस तरुणपणी रेआल माद्रिदच्या मधल्या फळीत खेळला आणि निवृत्तीनंतर क्लबच्या उगवत्या खेळाडूंना घडविण्याच्या कामात वर्षानुवर्षे राहिला. नोव्हेंबर १९९९ मध्ये संघ अडचणीत असताना हंगामाच्या मध्येच त्यांच्या हाती सूत्रे आली. त्यानंतर मे २००० मध्ये पॅरिस येथे व्हॅलेन्सियाला ३-० असे हरवून त्यांच्या संघाने चॅम्पियन्स लीग जिंकली. २००१ मध्ये लीग, २००२ मध्ये ग्लासगो येथे लेव्हरकुसेनला २-१ असे हरवून पुन्हा चॅम्पियन्स लीग, आणि २००३ मध्ये पुन्हा लीग. चार हंगामांत चार मोठी विजेतेपदे! फिगो, झिदान, रोनाल्डो यांच्यासारखे दरवर्षी येणारे तारे एकमेकांवर न आदळता एकत्र नांदले, याचे श्रेयही त्यांच्या शांत स्वभावाला द्यावे लागते.

२२ जून २००३ रोजी संघाने लीग जिंकली. दुसऱ्याच दिवशी देल बोस्के यांचा करार वाढविणार नसल्याचे क्लबने जाहीर केले. कर्णधार फर्नांदो इएरो यालाही त्याच वेळी निरोप मिळाला. प्रशिक्षक थकल्यासारखे दिसतात, संघाला अधिक आधुनिक विचारांचा माणूस हवा, अशा स्वरूपाची कारणे व्यवस्थापनाकडून पुढे आली. आकड्यांत पाहिले तर थकव्याची खूण कोठे दिसत नव्हती.

त्याच उन्हाळ्यात क्लबने इंग्लंडमधून डेव्हिड बेकहॅम याला आणले आणि क्लोद मकेलेले याला चेल्सी क्लबला विकले. मकेलेले गोल करीत नसे, त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत फारशी येत नसत. बचावफळीच्या पुढे उभे राहून प्रतिस्पर्ध्याच्या पायांतून चेंडू काढून घेणे आणि तो जवळच्या माणसाला देणे, एवढेच त्याचे काम. त्याच्या जिवावर पुढचे तारे निर्धास्तपणे पुढे जात. घरात पाहुण्यांची वाहवा पंक्तीत वाढणाऱ्याला मिळते. पहाटेपासून चुलीपाशी बसलेल्या माणसाला कोणी विचारीत नाही. देल बोस्के आणि मकेलेले हे दोघेही चुलीपाशी बसणारे होते.

पुढे काय झाले? नवे प्रशिक्षक कार्लोस केरोझ यांच्या हाताखाली संघ वसंत ऋतूपर्यंत आघाडीवर होता. मग शेवटचे सलग पाच लीग सामने हरून चौथ्या क्रमांकावर घसरला. केरोझ गेले. कामाचो, गार्सिया रेमोन, लुशेंबुर्गो, लोपेझ कारो असे एकामागून एक प्रशिक्षक आले आणि गेले. ऑगस्ट २००३ मधील स्पॅनिश सुपर कप सोडला तर २००७ पर्यंत संघाला एकही मोठे विजेतेपद मिळाले नाही. इकडे मकेलेले चेल्सीकडून २००५ आणि २००६ साली इंग्लिश लीग जिंकला. आणि ज्यांना आधुनिक नव्हेत म्हणून निरोप दिला, त्या देल बोस्के यांच्या हाताखाली स्पेनने २०१० साली जोहान्सबर्ग येथे विश्वचषक जिंकला, २०१२ साली युरोपीय अजिंक्यपदही मिळविले.

२००७ : सौंदर्याचा प्रश्न

एवढ्यावरच लेख संपविला असता तर उत्तर सोपे होते. परंतु याच क्लबचे पुढचे उदाहरण नेमके उलटे आहे, आणि कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना ते अधिक रंजक वाटेल.

२००६ मध्ये फॅबियो कॅपेलो यांना पुन्हा बोलावण्यात आले. १९९७ साली याच क्लबला लीग जिंकून देऊन ते स्वतःहून इटलीला परतले होते. या दुसऱ्या खेपेस त्यांनी बचाव भक्कम केला, बेशिस्त मोडली, आणि बार्सिलोनाच्या मागे पडलेला संघ शेवटी वर आणला. १७ जून २००७ रोजी हंगाम संपला तेव्हा दोन्ही संघांचे ७६ गुण होते. परस्परांतील सामन्यांत वरचढ ठरल्यामुळे माद्रिदला विजेतेपद मिळाले. त्याच महिन्यात कॅपेलो यांना काढण्यात आले. कारण असे देण्यात आले की, संघ जिंकतो, पण त्याचा खेळ पाहण्यात आनंद नाही. हा निर्णय जाहीर करणारे क्रीडा संचालक मियातोविच म्हणजे १९९८ च्या अंतिम सामन्यात तो एकमेव गोल करणारा खेळाडू, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

येथे मला आपल्या साहित्यातील ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या फडके-खांडेकर वादाची आठवण होते. खेळ जिंकण्यासाठी की खेळाच्या सौंदर्यासाठी? ऐंशी हजार माणसे पैसे मोजून दर आठवड्याला मैदानात बसतात ती केवळ निकाल ऐकण्यासाठी नव्हे. निकाल तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातही कळतो. म्हणून ‘आम्हाला असे जिंकायचे नाही’ असे म्हणण्याचा सभासदांना अधिकार आहे, हे मी मान्य करतो. अट एवढीच की, ही अपेक्षा नेमणुकीच्या वेळी सांगितलेली असावी. कॅपेलो कसा संघ बांधतात हे १९९७ पासून सर्वांना ठाऊक होते. कडू औषध म्हणून वैद्याला बोलवायचे, आणि ताप उतरल्यावर औषध कडू होते म्हणून तक्रार करायची, हा न्याय नव्हे.

परंतु परिणाम पाहिला तर क्लबचा निर्णय फसला नाही. नवे प्रशिक्षक शुस्टर यांच्या संघाने २००८ ची लीग ८५ गुणांनी जिंकली. दुसऱ्या क्रमांकावरील व्हियारेआल ८ गुणांनी मागे होता. म्हणजे विजेत्याला काढले आणि लगेच पुन्हा विजय मिळाला. मात्र त्याच शुस्टर यांना डिसेंबर २००८ मध्ये, विजेतेपदाला वर्षही झाले नसताना, काढून टाकले. आणि ते वर्ष बार्सिलोनाने गाजविले. एकदा विजेत्याला काढून चालते असे दिसले की, काढण्याची सवयच लागते, असा याचा अर्थ मी घेतो.

बदलाच्या बाजूने

आता बदल हवा म्हणणाऱ्यांचे म्हणणे नीट ऐकून घेऊ. त्यांचा मुख्य मुद्दा असा की, यश माणसाला कृतज्ञ करते आणि कृतज्ञ माणूस आंधळा होतो. ज्या खेळाडूंनी आपल्याला विजेतेपद मिळवून दिले, त्यांना बाहेर बसविणे प्रशिक्षकाला जड जाते. राष्ट्रीय संघांच्या इतिहासात याचे दाखले मुबलक आहेत. १९५८ साली ब्राझीलला विश्वचषक जिंकून देणारे फेओला १९६२ मध्ये आजारपणामुळे नव्हते. तरी मोरेरा यांच्या हाताखाली ब्राझील जिंकले. १९६६ मध्ये फेओला परत आले आणि ब्राझील पहिल्याच फेरीत बाद झाले. इटलीचे मार्चेल्लो लिप्पी २००६ चा विश्वचषक जिंकून बाजूला झाले होते. त्यांना २००८ मध्ये परत आणले, आणि २०१० मध्ये इटली आपल्या गटात तळाला राहिली. जर्मनीचे योआखिम ल्योव २०१४ मध्ये जगज्जेते झाले. २०१८ मध्ये दक्षिण कोरियाकडून २-० असा पराभव होऊन जर्मनीही गटात तळाला गेली. तरीही त्यांना ठेवले, आणि २०२० मध्ये स्पेनने जर्मनीला ६-० असे हरविले. खुद्द देल बोस्के यांचा स्पेन संघही २०१४ मध्ये पहिल्या फेरीतच बाद झाला होता.

अँचेलॉटी यांचे उदाहरणही याच बाजूचे. २०१४ मध्ये त्यांनी क्लबला दहावी चॅम्पियन्स लीग मिळवून दिली; २०१५ मध्ये त्यांना काढले. त्यांच्या जागी आलेले बेनिटेझ जानेवारी २०१६ पर्यंतच टिकले. मग झिदान यांच्याकडे सूत्रे आली आणि २०१६, २०१७, २०१८ अशी सलग तीन वर्षे संघाने चॅम्पियन्स लीग जिंकली. बदल झाला नसता तर झिदान यांना संधी कधी मिळाली असती, हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच अँचेलॉटी यांना क्लबने २०२१ मध्ये पुन्हा बोलावले, आणि २०२२ व २०२४ या दोन्ही वर्षी लीग आणि चॅम्पियन्स लीग असा दुहेरी लाभ पदरात पाडून घेतला. ज्याला नालायक ठरवून काढले तोच सहा वर्षांनी लायक ठरतो, तेव्हा काढण्याचे कारण त्याची पात्रता नव्हतेच, असे म्हणावे लागते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर, जुन्या प्रशिक्षकाला डोळे मिटून चालावेच लागते असेही नाही. १९३४ आणि १९३८ असे दोन विश्वचषक जिंकणारे इटलीचे व्हित्तोरिओ पोझ्झो घ्या. त्या दोन्ही अंतिम सामन्यांत खेळलेले खेळाडू फक्त दोन : मेआझ्झा आणि फेरारी. मँचेस्टर युनायटेडचे ॲलेक्स फर्ग्युसन यांनी १९९५ मध्ये इन्स, ह्यूज आणि कांचेल्स्किस हे बिनीचे खेळाडू विकले, तरुणांना पुढे केले आणि पुढच्याच हंगामात लीग व एफ. ए. कप दोन्ही जिंकले. १९८६ ते २०१३ या काळात त्यांनी १३ वेळा लीग जिंकली. आपल्या शेजारी गोव्यातही असा दाखला आहे. धेंपो क्लबने आर्मांदो कोलासो यांना दशकाहून अधिक काळ ठेवले आणि पाच राष्ट्रीय लीग विजेतेपदे मिळविली. ते २०१३ मध्ये गेल्यावर दोनच वर्षांत संघ आय-लीगमधून खालच्या श्रेणीत उतरला.

यावरून मला एक कसोटी हाती लागल्यासारखी वाटते. प्रशिक्षक किती वर्षे राहिला हे न पाहता, विजयानंतर स्वतःचा संघ मोडून नवा बांधण्याची हिंमत त्याच्यात आहे काय, हे पाहावे. मुन्योस, पोझ्झो, फर्ग्युसन यांच्यात ती होती. २०१० चे लिप्पी आणि २०१८ चे ल्योव तेथे कमी पडले.

लेस्टरचा धडा

रेआल माद्रिद हा श्रीमंतांचा क्लब. एखाद्या वर्षी हरला तर त्याची अब्रू जाते, पोट जात नाही. लहान क्लबची स्थिती वेगळी असते. इंग्लंडमधील लेस्टर सिटी क्लबने क्लॉडिओ रानिएरी यांच्या हाताखाली २०१५-१६ ची लीग जिंकली. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबचे ते पहिलेच लीगविजेतेपद. हंगामापूर्वी सट्टेवाल्यांनी त्यांच्या विजयाला एकास पाच हजार असा भाव दिला होता. नऊ महिन्यांनी, २३ फेब्रुवारी २०१७ रोजी, रानिएरी यांना काढण्यात आले. सारे फुटबॉलजग हळहळले.

परंतु त्या दिवशी लेस्टर सतराव्या स्थानावर होता आणि खालच्या श्रेणीत जाणाऱ्या तीन संघांपेक्षा केवळ एका गुणाने वर होता. श्रेणी गेली तर उत्पन्न बुडते, खेळाडू जातात, कार्यालयातील साध्या नोकरदारांवरही कुऱ्हाड येते. रानिएरी यांचे सहायक क्रेग शेक्सपिअर (इंग्रजी विभागातील मित्रांनी दचकू नये) यांनी सूत्रे घेतली, पहिले पाचही लीग सामने जिंकले आणि संघ शेवटी बारावा आला. निर्णय निर्दय होता, पण क्लबवर अवलंबून असलेल्या अनेकांच्या हिताचा होता. येथे एका माणसाविषयीची कृतज्ञता आणि अनेकांविषयीचे कर्तव्य यांत विरोध आला, आणि कर्तव्याचे पारडे जड ठरले असे मला वाटते.

तरीही दोन शंका नोंदवितो. पहिली अशी की, विक्रमी यशानंतर घसरण ही बऱ्याच अंशी स्वाभाविक असते. एखाद्या परीक्षेत कधी नव्हेत इतके गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला पुढच्या परीक्षेत थोडे कमी गुण पडण्याचा संभवच अधिक. त्यावरून शिक्षक बिघडला असा निष्कर्ष निघत नाही. त्याचप्रमाणे अगदी तळ गाठल्यावर थोडे वर येणेही स्वाभाविकच, आणि त्याचे सारे श्रेय नव्या माणसाला देता येत नाही. संख्याशास्त्रात यालाच सरासरीकडे परत येणे म्हणतात. दुसरी शंका अधिक बोलकी आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लेस्टरचा मधल्या फळीतील एन्गोलो कान्टे चेल्सीला गेला. त्याचे काम मकेलेलेचेच : चेंडू काढून घेणे आणि देऊन टाकणे. तो गेला आणि लेस्टर कोसळला. त्याला घेऊन चेल्सीने २०१७ ची लीग जिंकली. दोन देश, दोन क्लब, तेरा वर्षांचे अंतर. आणि दोन्हीकडे न दिसणारे काम करणारा माणूस गेल्याचा दोष दिसणाऱ्या माणसावर आला, किंवा निदान तसा संशय घेण्यास भरपूर जागा आहे.

निष्कर्ष

या सर्व विवेचनातून मी पुढील मतांपर्यंत येतो.

पहिले, विजेतेपद हे प्रशिक्षकाला जन्मभर ठेवण्याचे हमीपत्र नाही. चषक हा झालेल्या कामाचा पुरावा आहे. पुढच्या कामाची पात्रता स्वतंत्रपणे तपासली पाहिजे. हाइंकेस आणि रानिएरी यांच्या वेळी अशी तपासणी करण्यास निदान लीगमधील क्रमांकाचा आधार होता.

दुसरे, बदल करावयाचा तर पुढे काय बांधायचे याची योजना आधी हवी. २००३ मध्ये ती नव्हती. प्रशिक्षक, कर्णधार आणि संघाचा कणा असलेला खेळाडू एकाच उन्हाळ्यात गेले, आणि त्यांच्या जागी आला तो एक प्रसिद्ध चेहरा. पाच प्रशिक्षक बदलूनही ती पोकळी भरली नाही.

तिसरे, थकवा आला आहे की नाही हे पुष्कळदा प्रशिक्षकालाच आधी कळते. झिदान यांनी तिसरी चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर पाचच दिवसांत, ३१ मे २०१८ रोजी, स्वतःहून राजीनामा दिला. संघाला आता वेगळा आवाज हवा, अशी त्यांची भूमिका होती. अशा माणसासाठी परतीचे दार उघडे राहते. मार्च २०१९ मध्ये ते परत आले आणि २०२० ची लीग जिंकली.

चौथे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे निरोपाची रीत. विजयाच्या दुसऱ्या दिवशी एखाद्याला जा म्हणून सांगण्यात केवळ त्या एका माणसाचा अपमान होतो असे नाही. मागे राहिलेल्या प्रत्येकाला त्यातून कळते की, येथे मुकाट्याने केलेल्या कामाला किंमत नाही. दिसत राहणे महत्त्वाचे. मग जो तो दिसण्याच्या मागे लागतो. माद्रिदच्या संघाचे २००३ नंतर नेमके हेच झाले, असे मला वाटते.

हा प्रश्न फुटबॉलपुरता नाही. अनेक महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणारे प्राध्यापक वर्षभर वर्ग घेतात, निकाल चांगला लावतात, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखतीच्या रांगेत उभे असतात. कोणाला ठेवायचे आणि कोणाला निरोप द्यायचा हे ठरविण्याचा अधिकार संस्थेला असतोच. पण तो वापरताना त्या माणसाने नेमके काय केले, हे निदान एकदा शांतपणे विचारले गेले पाहिजे. २००३ साली माद्रिदमध्ये ते विचारले गेले असते, तर देल बोस्के कदाचित राहिले असते, मकेलेले तर नक्कीच राहिला असता.

म्हणून माझे उत्तर असे : विजेत्या प्रशिक्षकाला निरोप देण्यास हरकत नाही, मात्र कारण खेळातले असावे, निवडणुकीतले नसावे, आणि निरोप देणाऱ्याला त्या माणसाच्या कामाची ओळख असावी. या मताशी सहमत नसणारे मित्र आणि प्राध्यापक पुढील अंकात त्याचा प्रतिवाद करतील, तर मला आनंदच होईल.